न धुतलेला गाऊन

सृष्टीने हात पुढे केले, पण ते आईकडे नाही. खरं तर ती आईच्याच कडेवर होती, आणि कडेवरच्या पोराने आईकडे हात कशाला करायचे? पण ती कडेवरून अर्धी बाहेर वाकली, शाळेच्या हॉलमध्ये फरशीवर खडूने आखलेल्या रंगमंचावर तालमीसाठी उभ्या असलेल्या उज्वलाकडे बघून दोन्ही पंजे उघडझाप करायला लागली आणि तोंडाने "म्मं, म्मं" असा तो आवाज काढायला लागली, जो ती फक्त भूक लागली की काढायची आणि फक्त एकाच माणसाला उद्देशून काढायची. तेजश्रीने तिला सावरून पुन्हा छातीशी घेतलं. सृष्टीने मान वळवून आईच्या नव्या कुर्त्याकडे, गळ्याच्या कडक कापडाकडे पाहिलं, नाक मुरडल्यासारखं केलं आणि पुन्हा उज्वलाकडे झेप घेतली. "थांबा, थांबा, कुणी हलू नका!" दिग्दर्शक रंगनाथ खुर्चीवरून उठून ओरडला. "अरे, बघताय काय? याला म्हणतात वेशभूषा! तेजू, तुझं बक्षीस इथेच लागलं बघ. पोटची पोर फसली, तिथे परीक्षक कोण लागून गेलेत!" सगळे हसले. संगीत बघणाऱ्याने तर टाळीच वाजवली. उज्वला मूळची देवळ्याची, बोलायला मोकळी. तिने पुढे येऊन, "ये गं माझी बाय, ये," म्हणत सृष्टीला घेतलं, आणि सृष्टीने तिच्या अंगातल्या जांभळट गाऊनच्या खांद्यावर गाल टेकला, एक मोठा श्वास सोडला आणि गप्प झाली. तेजश्रीही हसली. तिचे हात मात्र तसेच कडेवर मूल असल्यासारखे वाकलेले राहिले; ते खाली सोडायचे असतात हे तिला थोड्या वेळाने आठवलं.

गाऊन तिचाच होता. आदल्या संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर होता. नाटक रंगनाथने स्वतः लिहिलेलं, हौशी स्पर्धेसाठी. एका फ्लॅटमध्ये तान्ह्या मुलीबरोबर दिवसभर असलेल्या बाईची गोष्ट, पाळण्यात कापडाचं बोचकं आणि रंगमंचावर बहुतेक वेळ एकटी उज्वला. बाळंतपणानंतरचं तेजश्रीचं हे पहिलं काम. तिने त्या बाईसाठी एकामागून एक तीन गाऊन केले. पहिला बघून रंगनाथ म्हणाला, "हा दुकानातून आलाय." दुसरा तिने चहाच्या पाण्यात बुडवला, दगडावर घासला, उन्हात टाकला, तो म्हणाला, "हा आजारी दिसतोय, वापरलेला नाही." तिसरा तिने बुधवारच्या बाजारात बोहारणीकडून जुनाच घेतला, तर म्हणे, "ही बाई वेगळी आहे गं. जाडी होती, सुखी होती. मला ही नकोय." आणि मग ते त्याचं नेहमीचं वाक्य, "मला वेशभूषा दिसायलाच नकोय." बोलायला काय जातंय! सृष्टी झोपली की शिवायचं, उठली की सुई उंच कपाटावर ठेवायची, आणि पुन्हा झोपली की दोरा कुठे ओवला होता ते शोधायचं, अशी ती तीन गाऊन जगली होती. शेवटी वैतागून तिने अंगातला काढला आणि पिशवीत कोंबला. घ्या, न दिसणारी वेशभूषा. हा कुणालाच दिसत नाही. तिथेच चूक झाली. तिने तो धुतला नाही.

चूक अशासाठी की ज्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली त्या मालिनीताईंचा पहिला नियम धुण्याचा होता. मालिनीताई पंचवटीत राहायच्या, कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात शहरातल्या निम्म्या हौशी नाटकांना कपडे पुरवायच्या. त्यांच्या बेडरूममध्ये पलंग नव्हता, पत्र्याच्या पेट्या होत्या. त्या पेट्यांवर गादी टाकून त्या झोपत. कुणी त्याला ड्रेपरी म्हटलं की त्यांना राग यायचा. "ड्रेपरी भाड्याची, गॅदरिंगला. शिवाजी एक, मावळे दहा, संध्याकाळी परत. आपला कपडेपट आहे." विशीतली तेजश्री पेट्या उपसत, डांबरगोळ्यांच्या वासाने शिंकत ऐकत असे. जुन्या नाटक कंपन्यांत कपडेपट सांभाळणारा माणूस नटाइतकाच महत्त्वाचा असे, मुक्काम हलला की आधी कपडेपटाच्या पेट्या गाडीत चढत. दिव्यांचा उजेड पिवळा आणि तोकडा, म्हणून जरीचं कापड लागायचं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला राणी दिसायची ती तोंडाने नव्हे, पदराने. द्रौपदी असो की संयोगिता, शालू तोच. मिशी काढलेला पुरुष तो शालू नेसून उभा राहिला की बायका त्याची नेसण बघून घरी तशा नेसायला जात. "म्हणजे बघ, तेव्हा कपडा सांगायचा की हा कोण आहे. राजा, दासी, राक्षस. नंतर नाटकात घरं आली, सोफे आले, आणि नटी घरातली साडी नेसून यायला लागली. लोक म्हणाले, आता वेशभूषा संपली. छे गं! उलट तेव्हा सुरू झाली. आता कपड्याने सांगायचं की हिचं काय झालंय." असं म्हणून त्या एखाद्या ब्लाउजची काख उलटी करून दाखवत. इथे फाटलंय ते बघ. ही बाई वर हात करून काहीतरी काढते रोज. फडताळ उंच आहे तिच्या घरात. आणि मग तो नियम. बोहारणीकडून आणलेला असो नाहीतर स्वतःच्या घरातला, कपडा पेटीत जायच्या आधी धुवायचा. डाग राहू दे, विरलेलं राहू दे, पण वास जाऊ दे. "वास म्हणजे माणूस. माणसाला रंगमंचावर नाही न्यायचं. त्याच्यासारखं काहीतरी न्यायचं." हे तेजश्रीला नीट पाठ होतं. पण धुतला असता तर मांडीवरची ती चुणी गेली असती, जिथे ती ओला हात पुसायची. आणि खांद्यावरचा तो कडक पडलेला डाग, जिथे सृष्टीने काढलेलं दूध वाळायचं. आणि गाऊन पुन्हा नुसता जुना गाऊन झाला असता. शिवाय, हे तिने स्वतःशीसुद्धा हळूच कबूल केलं, तिला धुवायचा कंटाळा आला होता.

तालीम संपल्यावर उज्वला गाऊन काढून, घडी करून तिच्याकडे घेऊन आली. "ताई, घेऊन जा तुमचा. पोर रडेल ना घरी. माझ्या मावशीकडं एक हाय असलाच, पार चिंधी झालाय, तो आणते मी." सोपं होतं. हात पुढे करायचा आणि घ्यायचा. किंवा घरी नेऊन त्याच्यावरून दुसरा करायचा, आता नमुना तर समोर होता. पण त्या क्षणी तेजश्रीच्या मनात काहीतरी वेगळंच हललं. लेकीने गाऊन ओळखला होता. आईला नव्हे, गाऊनला. मग जो माणूस रोज सकाळी हा गाऊन बघून ऑफिसला जातो आणि संध्याकाळी हाच गाऊन बघून घरी येतो, त्याचं काय? शौनक स्पर्धेच्या प्रयोगाला येणार होता. अंबडच्या कंपनीतून रजा टाकली होती बिचाऱ्याने, तिकीट काढलं होतं. हा गाऊनही त्यानेच आणलेला. सृष्टीच्या वेळी दवाखान्यात, धावपळीत, मेनरोडवरून, दोन मापं मोठा. "मोठाच बरा ना?" असं त्याने घाबरून विचारलं होतं आणि तिला त्या कळांमध्येही त्याची दया आली होती. तो ओळखेल. चारशे माणसांमध्ये बसून, उजेडात उभी असलेली ती बाई बघून त्याला कळेल की ही कोण. सांगून कळलेलं तिला नको होतं. सांगितलं की तो लगेच, "अगं मग बोलायचं ना, बाई ठेवू या का कामाला?" असं म्हणतो आणि विषय मिटवतो. "राहू दे तुझ्याकडे," ती उज्वलाला म्हणाली. "आणि धुऊ नकोस." उज्वलाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "लय जीव लावता तुम्ही कामाला," ती म्हणाली.

त्याची किंमत सृष्टीने दिली. दुपारची झोप तिची त्या गाऊनवरच असायची. तो अंगात असला तर अंगावर, दोरीवर असला तर त्याचं टोक मुठीत. आता ती झोपेला आली की तेजश्रीच्या कुर्त्यावर नाक घासत शोधायची, न सापडून रडायची, रडून थकून झोपायची. मालिश करायला येणाऱ्या लताबाई एकदा दारातूनच म्हणाल्या, "काय ओ, पोरीला काय टोचतंय?" तेजश्रीने सांगितलं. लताबाईंनी तेलाचे हात तसेच हवेत धरले. "नाटकात दिला? अंगातला? लोकं सोनं गहाण टाकतात, तुम्ही गाऊनच टाकलात होय!" आणि मग सृष्टीला पायांवर उताणी घेऊन तिच्याशीच बोलायला लागल्या, "तुझी आई लय मोठी कलाकार हाय बरं का. तुला ठेवलं उघडं आन् नाटकाला दिला कपडा." थट्टाच होती, पण तेजश्री स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिली. ओटा पुसलेलाच होता, तिने पुन्हा पुसला. हात मांडीकडे गेला, कुर्त्याच्या सुळसुळीत कापडावरून घसरला. खरंच, मी हे काय करते आहे? पोरीला रडवून नवऱ्याची परीक्षा घेते आहे. बरं, परीक्षेला बसलाय हे त्या माणसाला माहीतही नाही. संध्याकाळी शौनक आला, बूट काढता काढता म्हणाला, "आज रडली का फार?" ती म्हणाली, "थोडी." "दात येत असतील," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती. ती नेहमीच असायची, आणि म्हणूनच तिला कधी भांडता आलं नाही. गेले काही दिवस ती कुर्त्यात आहे, गाऊनमध्ये नाही, हे त्याला दिसलं नव्हतं. पण त्याने पाणी पिऊन पेला विसळून पालथा घातला होता. अशा माणसाला काय म्हणायचं? दुपारच्या त्या रिकाम्या वेळात, सृष्टी हुंदके देत झोपलेली असताना, तिला मालिनीताईंना फोन करावासा वाटे. पण मालिनीताई आता मुलाकडे असतात, माणसांची नावं विसरतात. मागे एकदा फोनवर तेजश्रीचा आवाज त्यांना ओळखू आला नव्हता, आणि तरी त्यांनी विचारलं होतं, "तुझ्या अंगात काय आहे आत्ता? ते सांग, म्हणजे कळेल मला." तेव्हा ती हसली होती. आता ते वाक्य घरात कुठेही बसलं तरी ऐकू यायचं.

प्रयोग दुपारी चारचा होता. सृष्टी लताबाईंकडे. तेजश्रीने साडी नेसली, लग्नातली हिरवी, आणि निघताना सृष्टीने तिच्याकडे कुणी पाहुणी आल्यासारखं पाहिलं. नाट्यगृहात ती शौनकच्या शेजारी बसली, मागून चौथ्या रांगेत. मागच्या रांगांतून काय दिसतं ते बघायची जुनी सवय. तिसरी घंटा झाली, अंधार झाला, आणि उजेड आला तेव्हा ओट्याशी पाठमोरी उज्वला उभी होती.  गाऊनची पाठ तेजश्रीने अशी अंगावर कधी नीट पाहिलीच नव्हती. आपलीच पाठ कोण बघतं? मागे, कमरेच्या जरा वर, कापड गोळा होऊन विरलं होतं, पलंगाच्या कडेला टेकून तासन्‌तास पाजत बसल्याने; आणि खालची कड एका बाजूने लोंबत होती, कारण मूल नेहमी डाव्या कडेवर. बघणाऱ्याला हे काही कळणार नव्हतं, नुसती एक बाई दिसणार होती जी बऱ्याच दिवसांपासून इथेच उभी आहे. मग उज्वला वळली आणि तिने ओला हात मांडीला पुसला. हे रंगनाथने बसवलेलं नव्हतं, तेजश्रीने शिकवलेलं नव्हतं. कापडावरच्या त्या चुणीने तो हात ओढून घेतला होता. थोड्या वेळाने उज्वलाने पाळण्यातलं बोचकं उचललं तेही डावीकडे. तालमीत ती उजवीकडे घ्यायची. गाऊन तिला सांगत होता आणि ती ऐकत होती.  हे काम तेजश्रीने इतकी वर्षं केलं, राजे सजवले, भुतं सजवली, पण अंगात शिरणारं वस्त्र तिने पहिल्यांदा पाहिलं, आणि ते तिचं होतं. तिथे उजेडात ती होती. भाजीची कढई ओट्यावरच ठेवून उभ्या उभ्या त्यातूनच खात होती. फोन वाजला की आधी केस नीट करत होती आणि मग "छान आहे सगळं" म्हणत होती. प्रेक्षागृहात कुणीतरी नाक ओढलं. तेजश्रीला रडू येईना. तिला नुसतं वाटत होतं की इतकी माणसं आपल्या घरात आली आहेत आणि घर आवरलेलं नाही.

तिने हळूच शेजारी पाहिलं. सुरुवातीला शौनकने एकदा फोन उघडून मिटला होता. आता तो पुढे झुकून बसला होता, कोपरं गुडघ्यांवर, तोंड थोडं उघडं, रंगमंचाचा उजेड गालांवर. बघतोय, तिने मनात म्हटलं. बघ. झिप तुटली आहे तिथे मोठी पिन आहे, ती तूच आणून दिलीस, तुझ्या कंपनीच्या ओळखपत्राची. बघ ना. उज्वला पाळण्याला टेकून खाली बसली आणि बोचक्याला हळू आवाजात विचारायला लागली, "मी आज कुणाशी बोलले गं? आठव बरं."  शौनकने हात पुढे करून अंधारात तेजश्रीचा हात शोधला, घट्ट धरला, आणि तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "किती एकटी आहे गं ही बाई." तेजश्री वाट पाहत राहिली. त्याच्या श्वासातून पुढचं वाक्य येईल, आत्ता येईल. "हिचा नवरा कसला माणूस आहे," तो म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

पडदा पडला. टाळ्या खूप झाल्या. शौनक उभा राहून वाजवत होता. बाहेरच्या गर्दीत त्याने तिला म्हटलं, "तेजू, खरं सांगू? मी बसलो होतो ते तुझ्यासाठी, पण ती उज्वला... म्हणजे तिला कुणीतरी जाऊन विचारावंसं वाटत होतं, बाई, जेवलीस का नीट." "मग विचार ना," तेजश्री म्हणाली. "आता? ती मेकअप पुसत असेल," तो हसला, "तू जाऊन कपडे गोळा करून ये, मी गाडी काढतो. लताबाई वाट बघत असतील." त्याच्या पापण्या अजून ओल्या होत्या, त्यामुळे तो खूप देखणा दिसत होता. तेजश्री वळून आत निघाली. लाकडी जिन्यावर तिला कळलं की तिला राग आलेला नाही. रागाला निदान समोर कुणीतरी लागतं. काम उत्तम झालं होतं. कपड्याने सगळं सांगितलं होतं, शेवटच्या रांगेपर्यंत, आणि ज्याला सांगायचं होतं त्यानेही ते नीट ऐकलं होतं, एका परक्या बाईबद्दल.

रंगपटात आरशांभोवती गर्दी होती. रंगनाथ कुणाला तरी मिठी मारत होता, तिला बघून ओरडला, "तेजू, वेशभूषा दिसली नाही गं, एकदा पण दिसली नाही!" यापेक्षा मोठं कौतुक त्याच्याकडे नव्हतं. उज्वला स्वतःच्या कपड्यांत होती, तोंडाला खोबरेल तेल चोपडलेलं. तिने गाऊन दोन्ही हातांवर घेऊन पुढे केला, देवाचं वस्त्र द्यावं तसा. "ताई, घाम लय आला मला लाइटखाली. धुऊन देऊ का?" "नको," तेजश्री म्हणाली. कापड दमट होतं, त्याला पावडरचा आणि दुसऱ्या बाईचा वास येत होता. ती ते पिशवीत घालणार होती. पिशवीचं तोंड तिने उघडलंही. मग पिशवी खुर्चीवर ठेवून तिने गाऊन डोक्यातून घातला, तसाच, हिरव्या साडीवरून. पदर आत चुरगळला, काठ खालून बाहेर आले, पोटावर निऱ्यांचा फुगा आला. पिन उघडी होती. ती तिने लावली. "अवो ताई, हे काय?" उज्वला म्हणाली, आणि मागून तिची कॉलर सरळ केली.

मागच्या दाराने बाहेर आलं की वाहनतळ. दिवस मावळतीला लागला होता, खांबावरच्या दिव्यांनी नुकता उजेड धरला होता. गाड्या काढणाऱ्या माणसांनी वळून पाहिलं. "ओ ताई, नाटक संपलं!" कुणीतरी गमतीने म्हणालं, आणि त्याच्या बायकोने त्याला चिमटा काढला असावा, कारण तो लगेच गप्प झाला. शौनक फाटकाजवळ स्कूटर चालू करून बसला होता, एक पाय जमिनीवर, मान खाली, फोनच्या उजेडात. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.  ओला नसलेला हात तिने मांडीला पुसला, आपोआप. शौनकने मान वर केली. "अगं, हा तर त्या..." तो म्हणाला आणि हसायला सुरुवात केली; आणि हसू तोंडावर असतानाच त्याची नजर पिनेवर गेली, तिथून खांद्यावरच्या डागावर, तिथून मेनरोडवरच्या त्या दोन मापं मोठ्या गळ्यावर. हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मागून कुणीतरी वाट मागत हॉर्न दिला, दोनदा दिला. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, अंधारात घराचं कुलूप शोधावं तसं. मग हात खाली नेऊन त्याने स्कूटर बंद केली.